भिंतीवरची ओल, वहीतली तारीख

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे घरोघर एक युद्ध सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, गाद्या-रजया गच्चीवर उन्हात पडतात, पेटीतल्या पैठण्यांना वारा लागतो, आणि भिंतीवर चार महिन्यांत उमटलेली काळी-हिरवी नक्षी खरवडून तिच्यावर रंगसफेती चढते. आपण याला सणाची साफसफाई म्हणतो. पण शत्रूचे नाव घ्यायचेच झाले तर ते बुरशी. नरकासुराचा वध एकदाच झाला. या असुराचा मात्र दरवर्षी करावा लागतो, आणि ते काम बहुधा घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते.

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांकडून संकटांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. लंडनची आग १६६६, मुंबईच्या गोदीचा स्फोट १९४४, कोयनेचा भूकंप १९६७. या सनावळीत बुरशीला कोठेच जागा नाही. किती घरे तिने पोखरली, किती दप्तरे, पोथ्या, लग्नातले शालू खाल्ले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कारण उघड आहे. बुरशीला तारीख नसते. आग अमुक दिवशी लागली असे सांगता येते. ओल अमुक दिवशी आली असे छातीठोकपणे कोण सांगणार? आणि गंमत अशी की, ज्या कारणासाठी इतिहासाने तिला बाहेर ठेवले, त्याच कारणासाठी विम्यानेही ठेवले. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ या आपल्या म्हणीला आता तिसरे पद जोडायला हरकत नाही : ‘आणि विमा पाहावा मागून’. हे तिसरे पद कसकसे तयार झाले, ते आज सांगायचे आहे.

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. बुरशीचे बीज डोळ्यांना न दिसणारे असते आणि ते हवेत सदैव तरंगत असते. तिला लागते ती ओल, थोडी ऊब आणि खायला काहीतरी : लाकूड, कागद, कापूस, खळ, भिंतीवरच्या रंगातला चिकटा. भिजलेली वस्तू दोन दिवसांत वाळली नाही की बीज रुजू लागते. आपल्या जुन्या चुन्याच्या सफेतीचे मर्म येथेच आहे. ताजा चुना इतका दाहक असतो की त्याच्यावर बुरशीचे पोट भरत नाही, उलट जळते. तेव्हा पावसाळा सरल्यावर भिंतीला चुना देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या शोभेबरोबरच औषधही फासत होत्या. पोथ्यांचेही तसेच. जुन्या पोथीच्या शेवटी नक्कल करणारा वाचणाऱ्याला विनवतो, की हिला तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ. लिहिणाऱ्याला माहीत होते, की आपल्या अक्षरांचा वैरी तलवार घेऊन येणार नाही. तो कोपऱ्यातल्या ओलीतून येईल.

या ओलीचा कायदा सर्वांत आधी कोणी लिहिला, हे शोधू गेल्यास आपण एका अनपेक्षित जागी पोचतो. यहुद्यांच्या धर्मशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय पाहा. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांचेही हेच शास्त्र. त्यात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करावे, याची रीतसर पद्धत घालून दिली आहे. घरधन्याने जाऊन याजकाला वर्दी द्यायची. याजकाने येण्यापूर्वी घर रिकामे करवायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी सामान त्यात सापडू नये. मग त्याने चट्टे पाहायचे, ते भिंतीत खोल गेले आहेत का हे तपासायचे, आणि घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा पाहणी. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा आणि नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. इतके करूनही चट्टा परतला तर सारे घर पाडायचे, दगड, लाकूड आणि मातीसकट.

अभ्यासकांपैकी पुष्कळांना या चट्ट्यात बुरशीच दिसते. मला मात्र यात आणखी एक ओळखीचा माणूस दिसतो. वर्दी मिळाल्यावर येणारा, सामानाला हात लावण्याआधी भिंत पाहणारा, पुन्हा येऊन डाग वाढला का हे ताडणारा हा याजक म्हणजे आजच्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा पूर्वजच नव्हे काय? फरक एवढाच, की याजक घर पाडायला सांगे आणि खर्च घरधन्याच्याच माथी राही. भरपाईचा शब्द त्या अध्यायात नाही. पण दोन गोष्टी त्या शास्त्राला पक्क्या ठाऊक होत्या : सावकाश होणारे नुकसान हेही नुकसानच, आणि त्याची पाहणी एकदा करून भागत नाही, दोनदा करावी लागते.

विम्याचा जन्म मात्र निराळ्या भीतीतून झाला. त्याची मुळे व्यापाऱ्यांच्या कर्जात आहेत. आपल्याकडे याज्ञवल्क्य स्मृतीत रानावनातून माल नेणाऱ्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस व्याज सांगितले आहे. म्हणजे जोखीम जेवढी मोठी तेवढा तिचा मोल मोठा, हे गणित आपल्या धर्मशास्त्रकारांनाही ठाऊक होते. पण रानात भीती दरोडेखोरांची आणि समुद्रात वादळाची. दोन्ही संकटे एकाएकी कोसळणारी. पुढे २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमध्ये आग लागली, ती चारपाच दिवसांत १३,२०० घरे आणि ८७ चर्चे खाऊन विझली. त्या राखेतून घराचा विमा निघाला. निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने १६८० च्या सुमारास आगविम्याचे दुकान थाटले. विटांच्या घराला एक दर आणि लाकडी घराला त्याच्या दुप्पट, असा त्याचा सरळ हिशेब होता. विमा उतरलेल्या घरावर कंपन्या आपला धातूचा बिल्ला ठोकीत. आगीच्या भीतीतून जन्मलेल्या या शास्त्राने जी व्याख्या धरली ती अशी : विमा अचानक आलेल्या संकटाचा, ठरून येणाऱ्या झिजेचा नव्हे.

ही व्याख्या कायद्याच्या पुस्तकात उतरली तेव्हा तिने मजेदार रूप घेतले. इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याचे ५५ वे कलम, आणि त्याच्याच बेताने झालेल्या आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याचेही ५५ वे कलम म्हणते, की पॉलिसीत वेगळे काही लिहिले नसेल तर नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि मालाच्या अंगच्याच दोषाने झालेली नासाडी यांची भरपाई विमेदाराकडून मिळणार नाही. त्याच कलमात उंदरांचाही उल्लेख आहे. उंदीर-घुशींनी केलेले नुकसानही बाहेर! जहाज वादळात बुडाले तर पैसे मिळतील; उंदराने पोते कुरतडले तर ते तुमचे तुम्ही पाहा. घरांच्या विम्यानेही पुढे हाच संसार मांडला. वाळवी, कसर, गंज, ओल, बुरशी ही सारी उंदराच्या पंगतीला बसली.

यात कंपन्यांचा केवळ लबाडपणा आहे असे मी म्हणणार नाही. विमा म्हणजे हजार जणांनी मिळून भरलेला एक गल्ला. त्यातून ज्याच्यावर घाला पडला त्याला द्यायचे. छप्पर गळते हे पाहूनही ज्याने दहा वर्षे कौले चाळली नाहीत, त्याच्या भिंतीचे पैसे त्या गल्ल्यातून द्यायचे म्हणजे दर पावसाळ्यापूर्वी इमानाने घर शाकारणाऱ्यावर अन्यायच. तत्त्व म्हणून हे मान्य. भांडण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. पूर अचानक येतो आणि बुरशी सावकाश वाढते. पण पुरानेच जर बुरशी आणली असेल तर तिला कोणाच्या पदरात घालायचे? मायलेकींना एकत्र पाहायचे की वेगवेगळे?

या प्रश्नाचे एक उत्तर समुद्रावरून आले आहे. पहिल्या महायुद्धात, ३० जानेवारी १९१५ रोजी, ‘इकारिया’ नावाच्या जहाजाला जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला. जखमी जहाज कसेबसे फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आले. तेथे वादळ उठले. जहाज धक्क्यालाच बुडून वाट अडवील या भीतीने बंदरवाल्यांनी त्याला बाहेरच्या जागेवर हलवले. तेथे ओहोटीला ते तळाला टेके आणि भरतीला उठे. असे करता करता तिसऱ्याचौथ्या दिवशी ते मोडून बुडाले. विम्यातून युद्धाची जोखीम वगळलेली होती. मालक म्हणाले, जहाज समुद्राच्या लाटांनी बुडाले. विमेदार म्हणाले, पाणतीराने. १९१८ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे उमरावांच्या सभेने, निकाल दिला, की कारण पाणतीर हेच. काळाने शेवटचे ते खरे कारण असे नव्हे, ज्याचा जोर शेवटपर्यंत टिकला ते खरे. हा निकाल विमेदारांच्या बाजूचा होता, पण न्याय दुधारी असतो. त्याच मापाने मापायचे तर घरात शिरलेला पूर हा पाणतीर, आणि पंधरा दिवसांनी भिंतीवर उठलेली बुरशी हे त्या जहाजाचे सावकाश बुडणे. शेवटचा घाव बुरशीचा दिसला तरी मारेकरी पूरच.

शब्दांच्या कुंपणामुळे संकटग्रस्त कसे बाहेर राहू शकतात, हे मुंबईनेही पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले आणि त्यातला दारूगोळा उडाला. आजूबाजूची घरे-गोदामे जमीनदोस्त झाली. लोकांजवळ विमे होते ते आगीचे. आणि जे घडले त्याला आग म्हणायचे की स्फोट, असा पेच पडला. शेवटी सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी आपल्याकडे घेतली. एका शब्दाने घर उभे राहते किंवा पडते, हा धडा त्या दिवसाने दिला.

मग १९६१ सालचे पुणे आठवा. १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. त्या दिवसाच्या कथा घरोघर सांगितल्या जातात : वाहून गेलेले वाडे, छपरांवर चढलेली माणसे, पाण्याखाली गेलेले पूल. पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. जुलैचा मध्य; पुढे सारा श्रावण-भाद्रपद उभा. जुने वाडे मातीच्या आणि भाजलेल्या विटांचे, सागवानी खांबांचे. मातीची भिंत पाणी पिते ती लवकर ओकत नाही. उन्हाचा पत्ता नाही, घरात गाळ, पेट्यांत भिजलेली खते-पत्रे. पूर एका दिवसाचा, ओल पुढच्या दिवाळीपर्यंतची. पुण्यातल्या किती जुन्या कुटुंबांचे कागद त्या दिवशी वाहून गेले ते सांगतात; किती पुढच्या दोन महिन्यांत पेटीतच कुजून गेले, ते सांगत नाहीत.

बुरशीचा स्वतंत्र खटला गाजला तो मात्र अमेरिकेत. टेक्सास राज्यात ड्रिपिंग स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तेथल्या एका मोठ्या घरात नळाच्या गळतीने लाकडी जमीन भिजली. विमा कंपनीशी वाद लांबत गेला आणि दरम्यान काळी बुरशी घरभर पसरली. या बुरशीचे शास्त्रीय नाव स्टॅकिबॉट्रिस. १८३७ मध्ये कोर्डा या शास्त्रज्ञाने प्रागमधल्या एका घराच्या भिंतीवरच्या कागदावर ती प्रथम टिपली होती. २००१ मध्ये ज्यूरीने घरमालकिणीला ३ कोटी २० लक्ष डॉलर देवविले. २००२ मध्ये वरच्या कोर्टाने ती रक्कम सुमारे ४० लक्षांवर आणली. कोर्टाने जो दोष धरला तो बुरशी उगवल्याचा नव्हता. दावा हाताळण्यातल्या वर्तनाचा होता. पण कंपन्यांनी बोध घेतला तो वेगळाच. पुढच्या काही काळात तेथल्या घराच्या पॉलिस्यांत बुरशीला वगळणारी किंवा तिच्या भरपाईला मर्यादा घालणारी कलमे भराभर शिरली. एका दावेदाराला न्याय मिळाला आणि पुढच्या लाखोंना दार अरुंद झाले.

मग २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आले आणि न्यू ऑर्लिअन्सचे बांध फुटले. ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेले. पाणी उपसायला सुमारे सहा आठवडे लागले. लोकांना घरी जाऊ दिले तेव्हा बुरशी छताला पोचली होती. तेथे सरकारची पूरविम्याची योजना १९६८ पासून आहे. तिचा नियम असा, की जी बुरशी घरमालकाला रोखता आली असती तिची भरपाई नाही. आता ज्याला पोलिसांनी गावातच येऊ दिले नाही त्याने ती रोखायची कशी? या नियमात घरधन्याचे कर्तव्य आहे, पण त्या कर्तव्याची सीमाही आहे. आणि दावा सारा त्या सीमेवर लढला जातो.

परदेशची उदाहरणे वाचून आपण हळहळतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने हा प्रश्न आमच्या दारात आणून ठेवला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागात राहणाऱ्या माझ्या एका शिक्षकमित्राच्या घरात ते आठवडाभर होते. घराचा विमा होता. पाणी उतरल्यावर भिंतींवर हिरवा मखमली थर चढू लागला. घरात सासूबाई दमेकरी. वहिनींनी सर्व्हेअरची वाट न पाहता केरसुणी आणि चुन्याची बादली उचलली, आणि मित्र म्हणू लागला, ‘अगं, पुसलंस तर दाखवायचं काय?’

वाचकहो, साऱ्या इतिहासाचे सार मला त्या एका वाक्यात दिसले. पुसावे तर पुरावा जातो, न पुसावे तर घर जाते. पॉलिसी सांगते, नुकसान वाढू देऊ नका. आणि तीच सांगते, नुकसान दाखवा. केरसुणी आणि कागद यांच्यामध्ये गृहिणी उभी!

वहिनींनी मार्ग काढला तो असा. मुलाला प्रत्येक भिंतीचे फोटो काढायला लावले, भिंतीवरच्या पुराच्या रेषेसकट. पोपडे आलेल्या गिलाव्याचे दोन तुकडे आणि गादीचा एक कोपरा डब्यात ठेवला. मग भिंत धुतली. सर्व्हेअर आले. गृहस्थ सालस होते, पण प्रश्न नेमका विचारला :

‘वहिनी, ही बुरशी पुरामुळेच आली, आधीची नव्हे, हे कशावरून धरू?’

वहिनींनी जमाखर्चाची वही पुढे केली. घर सोडताना दागिन्यांच्या पिशवीत त्यांनी ती घातली होती. त्यात मे महिन्याच्या पानावर लिहिले होते : रंगारी, मजुरी, चुना, डिस्टेंपर, तारखेसह. म्हणजे मेमध्ये भिंती कोऱ्या होत्या. सर्व्हेअरने पानाचा फोटो घेतला. पुढे त्याच वहीत मागच्या दिवाळीच्या सुमारास ‘मोरीची भिंत गळते, प्लंबर’ अशी नोंद निघाली, आणि त्या एका भिंतीचे पैसे कापले गेले. बाकीच्यांचे मिळाले. मित्र चरफडला तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘खोटं बोलणारी वही काय कामाची? उद्या खरं सांगेल तेव्हा तरी तिचं कोण ऐकेल?’

आज आपल्या देशात चित्र थोडे सोपे झाले आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच साच्याची घरविमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड यांबरोबर पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटणे वा ओसंडणे हेही आहे. या यादीकडे नीट पाहिले तर सारी क्रियापदे घडण्याची आहेत : फुटणे, कोसळणे, शिरणे. मुरणे हे क्रियापद तिच्यात नाही. तेव्हा दावा मांडताना ‘घराला ओल आली’ असे मोघम लिहू नये. ‘अमुक दिवशी अमुक नळ फुटला, त्या पाण्याने ही भिंत भिजली, आणि त्यामुळे बुरशी आली’ अशी सारी साखळी लिहावी. कंपनीला त्याच दिवशी कळवावे, लेखी कळवावे. पंखे लावून, सामान उन्हात घालून घर वाळवू लागावे आणि त्या खर्चाच्या पावत्या जपाव्यात. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करून भागले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते.

थेंबे थेंबे तळे साचते हे आपण मुलांना शिकवतो. थेंबे थेंबे भिंतही कुजते, हे शिकवायचे राहून जाते. आपल्या राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या, कारण त्यांच्या लढायांना तारखा होत्या. घराच्या लढाईला तारीख नसते, म्हणून ती घालावी लागते. ती घालणारी वही आपल्या कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, दुधाच्या आणि वाण्याच्या हिशेबांशेजारी. यंदा रंगारी येऊन गेला की त्या वहीत एक ओळ अधिक लिहावी : कोणती भिंत, कोणत्या दिवशी, कशी होती. फराळाच्या सामानाच्या यादीखाली जागा असतेच.